विश्लेषण : इंजिनाला मोकळा श्वास देणारे व्हिक एडलब्रॉक कोण होते? ट्रकसाठी कोणता इनटेक मॅनिफोल्ड योग्य?

इंजिनाची ताकद वाढवायची म्हटले, की बहुतेकांना आधी इंधन आठवते. प्रत्यक्षात इंजिनाला इंधनापेक्षा कितीतरी अधिक हवा लागते आणि ती सिलिंडरपर्यंत कोणत्या वाटेने पोहोचते, यावर ताकदीचे गणित ठरते. ही वाट म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. अमेरिकेतील एका खेड्यात जन्मलेल्या, चौदाव्या वर्षी शाळा सोडलेल्या एका मेकॅनिकने या वाटेचा ध्यास घेतला आणि त्यातून एक उद्योग उभा राहिला. त्यांचे नाव व्हिक एडलब्रॉक. त्यांचे आयुष्य कसे घडले, त्यांनी नेमके काय बदलले आणि ट्रकचे इंजिन जोरदार करू पाहणाऱ्यांसाठी त्यात कोणता धडा आहे, याविषयी...

दुकान जळाले, शाळा सुटली

ओटिस व्हिक्टर एडलब्रॉक यांचा जन्म ६ ऑगस्ट १९१३ रोजी अमेरिकेतील कॅन्सस राज्यात युडोरा येथे झाला. घरचे किराणा दुकान होते. १९२७ मध्ये ते आगीत भस्मसात झाले. घराला हातभार लावण्यासाठी चौदा वर्षांच्या व्हिक यांनी शाळा सोडली. काम मिळाले ते फोर्डच्या ‘मॉडेल टी’ गाड्या विचिटा शहरातून आसपासच्या शेतांवर नेऊन पोहोचवण्याचे.

रस्ते कच्चे होते. गाड्या वाटेत बंद पडत. मदतीला कोणी नसे. त्यामुळे जागेवरच दुरुस्ती करून गाडी पुढे काढण्याशिवाय गत्यंतर नव्हते. इंजिनाचे पहिले धडे त्यांनी असे रस्त्यावर गिरवले. पुढे गावातल्याच एका गॅरेजमध्ये ते मेकॅनिक म्हणून लागले. अभियांत्रिकीची पदवी त्यांच्याकडे कधीच नव्हती. होती ती बिघाड शोधण्याची नजर.

कॅलिफोर्नियाला का गेले?

१९२९ नंतरच्या महामंदीने अमेरिकेचा शेतीपट्टा कोलमडला. कामाच्या शोधात हजारो लोक पश्चिमेकडे निघाले. त्यांत व्हिकही होते. १९३१ मध्ये ते कॅलिफोर्नियात भाऊ कार्ल यांच्याकडे आले. तेथे त्यांची भेट केटी कॉलिन्स यांच्याशी झाली आणि १९३३ मध्ये दोघांनी लग्न केले. मेहुण्याच्या भागीदारीत बेव्हर्ली हिल्स भागात त्यांनी गॅरेज काढले. वर्षभरात, १९३४ मध्ये लॉस एंजेलिस शहरात त्यांचे स्वतःचे गॅरेज सुरू झाले. १९३६ मध्ये मुलगा झाला. त्याचेही नाव व्हिक ठेवले.

इथवरची गोष्ट त्या काळातल्या कोणत्याही मेहनती मेकॅनिकची असू शकली असती. वळण आले १९३८ मध्ये. त्या वर्षी त्यांनी १९३२ सालची एक फोर्ड रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची दोन आसनी गाडी विकत घेतली. तिच्यात होते फोर्डचे प्रसिद्ध व्ही-८ इंजिन.

हे इंजिन इतके महत्त्वाचे का होते?

फोर्डने १९३२ मध्ये सामान्य माणसाला परवडेल अशा किमतीत आठ सिलिंडरचे इंजिन बाजारात आणले. आकार ३.६ लिटर आणि ताकद ६५ हॉर्सपॉवर. व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नसून खाली ब्लॉकमध्येच बसवलेले. त्यामुळे हेड सपाट झाकणासारखे दिसे आणि इंजिनाला ‘फ्लॅटहेड’ हे नाव पडले. हेच इंजिन १९३० च्या दशकात फोर्डच्या ट्रकमध्येही बसवले जाई. म्हणजे शनिवार-रविवारी शर्यतीत धावणारी रोडस्टर आणि सोमवारी माल वाहणारा ट्रक यांचे काळीज एकच होते.

या इंजिनाची एक अडचण होती. हवेला आत शिरण्यासाठी आणि धुराला बाहेर पडण्यासाठी ब्लॉकमधून वळणे घेत जावे लागे. फोर्डच्या अभियंत्यांनाही हे कळत होते. १९३४ मध्ये त्यांनी दोन तोंडांचा कार्बोरेटर आणि नवा मॅनिफोल्ड दिला, तेव्हा ताकद ८५ हॉर्सपॉवरवर गेली. हवेची वाट सुधारली तर किती फरक पडतो, हे त्यातून दिसले होते. आणखी किती सुधारता येईल, हा प्रश्न व्हिक यांच्यासारख्या मेकॅनिकांना स्वस्थ बसू देत नव्हता.

इनटेक मॅनिफोल्ड नेमके काय करतो?

कार्बोरेटर हवेत पेट्रोल मिसळतो. ते मिश्रण प्रत्येक सिलिंडरकडे वाटून देणारा नळ्यांचा ओतीव सांगाडा म्हणजे इनटेक मॅनिफोल्ड. त्याचे दोन भाग. कार्बोरेटरच्या खालची पोकळी म्हणजे प्लेनम आणि तिथून प्रत्येक सिलिंडरकडे जाणारी नळी म्हणजे रनर. गावच्या पाण्याच्या टाकीतून प्रत्येक वाडीला जाणाऱ्या पाइपलाइनसारखी ही रचना समजा. टाकी भरलेली असली तरी एखाद्या वाडीचा पाइप लांब, अरुंद किंवा वाकडातिकडा असेल तर तिथल्या नळाला करंगळीएवढी धार येते.

फरक एवढाच, की इंजिनात सारे विजेच्या वेगाने घडते. इंजिन मिनिटाला ३,००० फेऱ्या मारत असेल, तर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला २५ वेळा हवा ओढतो. पिस्टन खाली जाण्याचा वेळ सेकंदाचा जेमतेम शंभरावा भाग. तेवढ्यात सिलिंडर भरला पाहिजे. फोर्डचे ३.६ लिटरचे इंजिन या वेगाला पूर्ण भरले, तर मिनिटाला ५,४०० लिटर हवा ओढेल. पण हवेलाही वजन असते, ती नळीच्या भिंतीला घासते, वळणावर अडते. त्यामुळे सिलिंडर पूर्ण भरत नाही. जेवढा रिकामा राहिला तेवढी ताकद गेली.

‘स्लिंगशॉट’ कसा जन्मला?

आपल्या रोडस्टरसाठी एडलब्रॉक यांनी आधी टॉमी थिकस्टन यांच्यासोबत मॅनिफोल्डवर काम केले. थिकस्टन या क्षेत्रातले जाणकार होते. मात्र त्या रचनेवर एडलब्रॉक यांचे समाधान झाले नाही. मग त्यांनी स्वतःचा मॅनिफोल्ड आखला. त्याचे नाव ‘स्लिंगशॉट’, म्हणजे आपली गलोल.

ॲल्युमिनियममध्ये ओतलेल्या या मॅनिफोल्डवर एकाऐवजी दोन ‘स्ट्रॉमबर्ग ९७’ कार्बोरेटर बसत. या कार्बोरेटरचा सर्वांत अरुंद भाग ०.९७ इंचांचा, म्हणून त्याचे नाव ९७. खरी मेख मात्र मॅनिफोल्डच्या आतल्या वाटणीत होती. ही रचना ‘१८० अंशांची’ म्हणून ओळखली जाते. ती समजून घेतली, तर आजच्या मॅनिफोल्डची तुलनाही सोपी होते.

आठ सिलिंडरच्या इंजिनात दर ९० अंशांना एक सिलिंडर हवा ओढायला लागतो. पण एका सिलिंडरचे हवा ओढणे १८० अंशांहून अधिक चालते. म्हणजे एकाचे पोट भरण्याआधीच दुसरा ताटावर बसतो. सगळ्यांचे ताट एकच असेल तर ओढाताण होणार. १८० अंशांच्या रचनेत मॅनिफोल्डचे आतून दोन स्वतंत्र मजले करतात. आठपैकी चार सिलिंडर एका मजल्यावरून आणि चार दुसऱ्या मजल्यावरून हवा घेतात. पाळी अशी लावलेली असते, की एका मजल्यावर दर १८० अंशांनी एकच सिलिंडर हवा मागतो. शेजाऱ्याच्या तोंडचा घास पळवला जात नाही.

१६ नोव्हेंबर १९४१ रोजी काय घडले?

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला मोजावे वाळवंट आहे. तिथे म्युरॉक, रोझामंड अशी कोरडी पडलेली तळी आहेत. तळाची जमीन मैलोन् मैल सपाट आणि टणक. तरुण मेकॅनिक तिथे गाड्या पळवायला जमत. वेग मोजला जाई, नोंदी ठेवल्या जात. एडलब्रॉक रोजच्या वापरातली रोडस्टर चालवत तिथे जात, मडगार्ड आणि समोरची काच काढून ठेवत, गाडी पळवत आणि सुटे भाग पुन्हा बसवून तीच गाडी चालवत घरी परतत.

१६ नोव्हेंबर १९४१ रोजी रोझामंडच्या तळ्यावर त्यांची रोडस्टर ताशी १२१ मैलांहून अधिक, म्हणजे ताशी सुमारे १९५ किलोमीटर वेगाने धावली. मूळच्या ६५ हॉर्सपॉवरच्या गाडीच्या मानाने हा वेग थक्क करणारा होता. पाहणाऱ्यांनी वेगासोबत इंजिनावरचा तो वेगळा मॅनिफोल्डही पाहिला आणि तसाच आपल्यालाही हवा, अशी मागणी येऊ लागली. एडलब्रॉक यांनी सुमारे शंभर मॅनिफोल्ड तयार करून विकले. जाहिरातीचे काम त्या तळ्यावरच्या धावेने केले होते.

एक मॅनिफोल्ड ओतणे हे सोपे काम नव्हे. बाहेरचा साचा करता येतो, पण आतल्या वळणदार पोकळीसाठी वाळूचा गाभा करावा लागतो. धातू थंड झाल्यावर तो फोडून काढावा लागतो. गाभा जरा हलला तरी नळीची भिंत एकीकडे जाड, दुसरीकडे पातळ. कोल्हापूरच्या फाउंड्रीवाल्यांना हे वेगळे सांगायला नको. शंभर नग हा आकडा म्हणूनच लहान नव्हता.

युद्धाने काय बदलले?

रोझामंडच्या त्या धावेनंतर तीनच आठवड्यांनी, ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला आणि अमेरिका महायुद्धात उतरली. शर्यती थांबल्या. एडलब्रॉक यांनी लाँग बीच येथील जहाजगोदीत वेल्डिंग केले, पुढे विमानांचे सुटे भाग हाताने घडवले. म्युरॉकच्या तळ्यावर लष्कराचा विमानतळ वाढत गेला. आज तोच एडवर्ड्स हवाई दल तळ म्हणून ओळखला जातो.

युद्ध संपले तेव्हा हजारो तरुण सैनिक घरी परतले. त्यांच्या हाताला यंत्रांची सवय झाली होती आणि जुन्या फोर्ड गाड्या स्वस्तात मिळत होत्या. एडलब्रॉक यांनी बाजार ओळखला. १९४६ मध्ये त्यांनी आपला पहिला कॅटलॉग काढला. मॅनिफोल्डच्या जोडीला ॲल्युमिनियमची हेड आणि पिस्टन आले. दुरुस्तीचे गॅरेज हळूहळू कारखाना बनले. १९४९ मध्ये ते मोठ्या जागेत गेले. तिथे मशिन शॉप, दुरुस्तीच्या जागा, गोदाम, कार्यालय यांबरोबरच इंजिनाची ताकद मोजणाऱ्या डायनॅमोमीटरची स्वतंत्र खोली होती.

ही खोली महत्त्वाची. तळ्यावर गाडी पळवून वेग कळतो. पण वारा, चालक, टायर, गिअर या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. डायनॅमोमीटरवर इंजिन एकटे बोलते. कोणत्या फेऱ्यांवर किती ओढ मिळते, हे आकड्यांत दिसते. मॅनिफोल्ड बदलला, की ओढ कुठे वाढली आणि कुठे घटली, दोन्ही कळते. यातले ‘कुठे घटली’ हे पाहण्याची सवय अनेकांना नसते.

छोट्या इंजिनाने मोठ्यांना कसे हरवले?

त्या काळी अमेरिकेत ‘मिजेट’ नावाच्या लहान शर्यती गाड्या लोकप्रिय होत्या. त्या मैदानावर ऑफेनहाउजर इंजिनांचे राज्य होते. ही इंजिने खास शर्यतीसाठी बनवलेली. दोन कॅमशाफ्ट आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये, हवेला सरळ वाट. एडलब्रॉक यांच्या गाडीत होते फोर्डचे सर्वांत लहान व्ही-८, ‘व्ही-८ ६०’. २.२ लिटरचे आणि मुळात साध्या मोटारीसाठी बनवलेले ६० हॉर्सपॉवरचे फ्लॅटहेड.

ऑगस्ट १९५० मध्ये लॉस एंजेलिसच्या गिलमोर स्टेडियमवर रॉजर वॉर्ड या चालकाने हीच गाडी चालवत ऑफेनहाउजर गाड्यांना हरवले. टाकीत पेट्रोल नव्हते, नायट्रोमिथेनचे मिश्रण होते. पुढे याच वॉर्ड यांनी १९५९ आणि १९६२ मध्ये इंडियानापोलिसची ५०० मैलांची मानाची शर्यत जिंकली.

नायट्रोमिथेनने नेमके काय केले? एक किलो पेट्रोल जळायला साधारण पावणेपंधरा किलो हवा लागते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळे त्याला दोन किलोहूनही कमी हवा पुरते. फ्लॅटहेडच्या वाकड्या वाटेने पुरेशी हवा आत जात नव्हती, म्हणून प्राणवायू इंधनाबरोबर आत पाठवला. या इंधनाचे प्रमाण जरा चुकले तरी पिस्टनला भोक पडते, म्हणून ते रस्त्यावरच्या गाडीचे काम नव्हे. पण मॅनिफोल्ड असो वा इंधन, एडलब्रॉक यांचा प्रश्न एकच होता : सिलिंडरमध्ये अधिक प्राणवायू कसा पोहोचेल?

आखूड नळी बरी की लांब?

१९५५ मध्ये शेव्हरोलेने वर व्हॉल्व्ह असलेले छोटेखानी व्ही-८ आणले आणि फ्लॅटहेडचे दिवस सरले. एडलब्रॉक यांनी नव्या इंजिनासाठी मॅनिफोल्ड काढायला वेळ लावला नाही. याच सुमारास मोठ्या कंपन्याही हवेच्या वाटेकडे गांभीर्याने पाहू लागल्या होत्या. त्यातले सर्वांत बोलके उदाहरण क्रायस्लरचे आहे.

वाहत्या हवेला गती असते. व्हॉल्व्ह मिटला, की ती धडकते आणि दाबाची लाट नळीत मागे-पुढे फिरते. ही लाट परत येताना नेमका व्हॉल्व्ह उघडा असेल, तर ती जादा हवा आत ढकलते. लाट किती वेळात परतेल, हे नळीच्या लांबीवर ठरते. लांब नळीत उशिरा परतते, म्हणून कमी फेऱ्यांवर फायदा. आखूड नळीत लवकर परतते, म्हणून जास्त फेऱ्यांवर फायदा.

क्रायस्लरने १९६० च्या ‘३०० एफ’ मोटारीत ६.८ लिटरच्या इंजिनावर तब्बल ३० इंच, म्हणजे ७६ सेंटीमीटर लांबीच्या नळ्या बसवल्या. ताकद मिळाली ३७५ हॉर्सपॉवर आणि ओढ, म्हणजे टॉर्क मिळाला सुमारे ६७० न्यूटन मीटर, तोही फक्त २,८०० फेऱ्यांवर. त्याच इंजिनासाठी त्यांनी दुसरा मॅनिफोल्डही दिला. बाहेरून तसाच, पण आतली भिंत कापून नळीची कामाची लांबी निम्म्यावर आणलेला. हा प्रकार ४०० हॉर्सपॉवर देई. पण ओढ घटून ६३० न्यूटन मीटरवर आली आणि तीही ३,६०० फेऱ्यांना.

आता यांतला ‘जोरदार’ मॅनिफोल्ड कोणता? कागदावर ४०० चा आकडा मोठा. पण मागे ट्रॉली जोडून चढ चढायचा असेल, तर ३७५ वाला पुढे जाईल.

वडिलांनंतर काय झाले?

या साऱ्या बदलांच्या ऐन भरात, ११ नोव्हेंबर १९६२ रोजी कर्करोगाने व्हिक एडलब्रॉक यांचे निधन झाले. वय अवघे ४९ वर्षे. कंपनीत तेव्हा दहाएक माणसे होती. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातून व्यवसायाचे शिक्षण घेतलेला मुलगा व्हिक ज्युनियर २६ वर्षांचा होता. एका माणसाच्या हातच्या कसबावर उभी राहिलेली दुकाने अनेकदा त्या माणसासोबतच संपतात. इथे तसे झाले नाही. ज्युनियर यांनी धंदा वाढवला आणि पुढची अनेक दशके सांभाळला. २०१७ मध्ये त्यांचेही निधन झाले.

कंपनीच्या पुढच्या काळातल्या मॅनिफोल्डची यादी पाहिली, तर वडिलांच्या डायनॅमोमीटरच्या खोलीतला धडा तिथे उतरलेला दिसतो. शेव्हरोलेच्या त्याच छोट्या व्ही-८ साठी तीन ठळक प्रकार आहेत आणि प्रत्येकावर तो कोणत्या फेऱ्यांसाठी आहे, हे सांगितलेले असते.

पहिला ‘परफॉर्मर’. दोन मजली, म्हणजे १८० अंशांचा. इंजिन नुसते चालू असल्यापासून ५,५०० फेऱ्यांपर्यंत.

दुसरा ‘परफॉर्मर आरपीएम’. हाही दोन मजली, पण नळ्या मोठ्या आणि उंच. १,५०० ते ६,५०० फेऱ्या.

तिसरा ‘व्हिक्टर ज्युनियर’. एकमजली, सगळ्या नळ्या एकाच मोकळ्या पोकळीत उघडतात, नळ्या आखूड आणि सरळ. ३,५०० ते ८,००० फेऱ्या. शर्यतीसाठी.

मग ट्रकसाठी कोणता योग्य?

अमेरिकेत ट्रक म्हटले, की त्यात पिकअपही येतो. घरची गाडी, शेताची गाडी आणि ट्रॉली ओढणारी गाडी अशी तिन्ही कामे तो करतो. लोड घेऊन निघताना इंजिन बहुतेक वेळ १,५०० ते ३,५०० फेऱ्यांत असते. आता वरची यादी पुन्हा पाहा. ‘व्हिक्टर ज्युनियर’चे काम जिथे सुरू होते, तिथे लोड घेतलेल्या ट्रकचे काम जवळपास संपलेले असते.

मोठ्या पोकळीत आणि रुंद नळीत कमी फेऱ्यांवर हवा सुस्तावते. कार्बोरेटरला पेट्रोल ओढून घेण्यासाठी लागणारी ओढ कमकुवत होते. पेट्रोलचे थेंब भिंतीला चिकटतात, काही सिलिंडरना जाड मिश्रण मिळते, काहींना पातळ. इंजिन धडपडते, पिकअप बसतो, पेट्रोल जास्त खाते. शर्यतीचा मॅनिफोल्ड बसवून ट्रक मंद झाल्याची तक्रार यातूनच येते. वस्तू वाईट नसते, जागा चुकलेली असते.

लांब नळी, मध्यम रुंदी, दोन मजले आणि मापात बसणारा कार्बोरेटर ही कार्बोरेटरवाल्या ट्रकची जोडी. फ्युएल इंजेक्शन आल्यावर पेट्रोल थेट व्हॉल्व्हजवळ फवारले जाऊ लागले. त्यामुळे नळीत ओलावा धरून ठेवण्याची चिंता गेली, पण लांबीचे गणित तेच राहिले. जनरल मोटर्सने १९९९ पासून आपल्या ट्रकमध्ये जी नवी व्ही-८ इंजिने दिली, त्यांचा मॅनिफोल्ड उंच आणि लांब नळ्यांचा होता. त्याच घराण्यातल्या स्पोर्ट्स मोटारीचा मॅनिफोल्ड मात्र बसका, कारण तिथे बोनेटखाली जागा कमी होती.

तुलना करताना चार गोष्टी विचारायला हव्यात. इंजिन बहुतेक वेळ किती फेऱ्यांवर चालते? त्या फेऱ्यांवर टॉर्क वाढतो की घटतो? कॅमशाफ्ट, हेड आणि एक्झॉस्ट त्याच मापाचे आहेत का? आणि बोनेटखाली तो मावतो का? सर्वांत वरच्या फेऱ्यांवर मिळणारा हॉर्सपॉवरचा आकडा हा पाचवा प्रश्न.

आपल्याकडच्या ट्रकला हे लागू होते का?

आपल्याकडे माल वाहणारे बहुसंख्य ट्रक डिझेलवर चालतात. त्यांना कार्बोरेटर नसतो आणि टर्बोचार्जर हवा दाबून आत पाठवतो. त्यामुळे नळीची लांबी पेट्रोल इंजिनाइतकी निर्णायक ठरत नाही. पण सहाही सिलिंडरना सारखी हवा मिळणे आवश्यकच असते. खंबाटकी घाटात भरलेला ट्रक ओढ धरत नसेल आणि काळा धूर सोडत असेल, तर पंपाला हात लावण्यापूर्वी एअर फिल्टर तुंबलाय का, टर्बोपासून मॅनिफोल्डपर्यंतचा होज फुटलाय का, मॅनिफोल्डचे गॅस्केट गळतेय का, हे पाहावे. धूर पुन्हा आत फिरवणाऱ्या ईजीआर यंत्रणेमुळे मॅनिफोल्डच्या आत काजळीचा थर साचतो आणि वाट अरुंद होते, तेही तपासावे.

बाहेरून मॅनिफोल्ड किंवा अन्य भाग बदलून इंजिनात फेरफार करण्याआधी कायदाही लक्षात घ्यावा लागतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे होतील असे बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाहीत. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांत हवा, इंधन आणि धूर यांचे माप एकमेकांत गुंतलेले असते. एक भाग बदलला, की बाकीचे हिशेब चुकतात.

एडलब्रॉक यांच्या काळी असे संगणक नव्हते, सेन्सर नव्हते. एक कोरडे तळे, एक घड्याळ आणि नंतर डायनॅमोमीटरची एक खोली होती. प्रत्येक बदल मोजायचा, आणि गाडी ज्या कामासाठी आहे त्या कामात तो टिकतो का ते पाहायचे, हीच त्यांची पद्धत. मॅनिफोल्ड निवडणाऱ्याला आजही याहून वेगळी पद्धत लागत नाही.